खबर आणि भेट : वर्धा जिल्ह्यातील कौटुंबिक जीवनाची प्रस्तावना

कुटुंबात काही घडले की त्याची वार्ता नात्यागोत्यात पोहोचणे आणि ती पोहोचताच माणसांनी हातातले काम टाकून एकमेकांच्या घरी जाणे, या दोन गोष्टी वर्धा जिल्ह्याच्या लोकजीवनात इतक्या गुंतलेल्या आहेत की एकीचा विचार दुसरीला वगळून करता येत नाही. जन्म, बारसे, सोयरीक, लग्न, आजारपण, मृत्यू, मुलाला लागलेली नोकरी किंवा विकावे लागलेले वावर, यांपैकी कशाचीही खबर येथे नुसती ऐकून ठेवण्यासाठी नसते. ती कळली की जाणे आलेच, आणि कोणी गेले नाही तर ती गोष्ट दोन्ही घरे वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. गाठीभेटी म्हटल्या की शहरी वाचकाच्या मनात फुरसतीची करमणूक येते. वर्ध्याच्या खेड्यात मात्र घराबाहेर पडण्याच्या बहुतेक प्रसंगांमागे एखादी खबर किंवा एखादे बोलावणे असते आणि करमणूक त्यांच्या आश्रयाने येते. खबरेतून उत्पन्न होणारे हे जाण्याचे कर्तव्य हाच प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती विषय आहे.

या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांच्या मालिकेत आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेला वर्धा जिल्ह्याचा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांत जमिनीचा पोत, पिके, सारा, जाती, जत्रा आणि बाजार यांची नोंद बारकाईने होत असे. पण सासरी गेलेल्या मुलीची खुशाली माहेरी कशी कळे, तिला आणायला कोण जाई, मयताच्या घरी पहिला घास कोण नेई, हे सांगणे सरकारी दप्तराच्या कक्षेत बसत नव्हते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खबर मिळवणे, लक्षात ठेवणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे काम मुख्यतः बायकांनी केले, आणि त्यांच्या कामाची लेखी नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. गावाचा इतिहास पाटील, मालगुजार आणि पुढारी यांच्या नावांनी लिहिला गेला. नाती ज्यांनी टिकवली त्यांचा लिहिलाच गेला नाही.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, वर्धा, सेलू, समुद्रपूर आणि हिंगणघाट अशा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख आहे. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती आणि यवतमाळ, पूर्वेला नागपूर, दक्षिणेला चंद्रपूर, अशी रचना असल्यामुळे येथील सोयरिकी जिल्ह्याच्या सीमा कधीच मानत नाहीत. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली आणि वर्धा हे पुढे मोठे जंक्शन झाले. पुलगाव ते आर्वी ही अरुंद मार्गाची गाडी १९१७ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ दमणी आणि रेंगी, म्हणजे माणसांना नेणाऱ्या हलक्या बैलगाड्या, हेच पाहुण्यांचे वाहन होते, तर बंडी मुख्यतः मालासाठी असे.

येथील भेटींचे वेळापत्रक पंचांगाइतकेच कापसाने ठरवले. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, कापूस हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, वर्धा अशा बाजारांत जातो, हातात पैसा येतो आणि मग लग्नाची बोलणी निघतात. त्यामुळे पेरणी, डवरणी आणि निंदण यांच्या दिवसांत फक्त अटळ खबरेसाठीच माणसे गाव सोडत, आणि फाल्गुन ते वैशाख या काळात रस्ते पाहुण्यांनी भरून जात. कापसाच्या वेचणीशी जोडलेला सीतादही हा विधी या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणाऱ्या बाया आणि घरची मालकीण यांनी एकत्र जेवायचे, असा हा प्रसंग आहे. नाव विधीचे असले तरी त्या जेवणात गावातल्या घराघरांची हालहवाल निघते, आणि एरवी ओसरीपाशी थांबणारी मजूर बाई येथे मालकिणीजवळ बसून बोलते.

पूर्वी खबर माणसाच्या पायांनी जात असे आणि ती कोणी न्यायची हे जातिव्यवस्थेने ठरवून ठेवलेले होते. लग्नाचे बोलावणे न्हावी देई. मर्तिकाचा सांगावा, म्हणजे मृत्यूची बातमी, रात्री-अपरात्री गावोगावी पोहोचवण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. उन्हापावसात कोसन् कोस चालत जाऊन दुसऱ्याच्या घरचे दुःख सांगायचे आणि तरीही त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, हा त्या कामातील अन्याय कौटुंबिक वार्तांच्या कोणत्याही इतिहासाला टाळता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने महारकी आणि वतनाची कामे सोडण्याचा निर्धार गावोगावी रुजवला, आणि तत्कालीन मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. वार्ता वाहून नेण्याची सक्ती संपली, ही घटना येथील समाजजीवनात टपालाच्या आगमनापेक्षा कमी महत्त्वाची मानता येत नाही.

टपालाने मात्र खबरेचे स्वरूपच बदलले. इंग्लंडमध्ये १८४० पर्यंत पत्राचा आकार अंतरानुसार ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. त्या वर्षी एक पेनीचा समान दर आला आणि सामान्य घरांतून पत्रे लिहिली जाऊ लागली. त्याच्याही आधीच्या पिढीतील कादंबरीकार जेन ऑस्टेन हिने बहीण कॅसँड्रा हिला लिहिलेल्या पत्रांत कोणाकडे नाच झाला, कोण भेटायला आले, कोणाला मूल झाले, कोणाची प्रकृती बिघडली, टोपीला कोणती फीत लावली, हेच भरलेले आहे. तिची सुमारे १६० पत्रे आज उपलब्ध आहेत, कारण कॅसँड्राने बरीच नष्ट केली. तरीही त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गीय घराचे चित्र उभे करताना अभ्यासक या पत्रांचा आधार घेतात. घरगुती बातमी क्षुल्लक मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. भारतात समान टपालदर १८५४ मध्ये आणि पाव आण्याचे कार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील कुटुंबांच्या हाती प्रथमच असे साधन आले की ज्यासाठी कोणाच्या पायांची गरज उरली नाही.

कार्डावरचा मजकूर ठरावीक वळणाचा असे. वर मध्यभागी ‘श्री’, मग वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, त्यानंतर ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ हा पूल ओलांडल्यावर खरी बातमी दोन-तीन ओळींत येई, आणि उरलेल्या कडांवर आडवे-उभे लिहून घरातील प्रत्येकाचा नमस्कार कळवला जाई. मृत्यूचे कार्ड वेगळे ओळखू येई. त्यावर ‘श्री’ नसे. ते वाचून लगेच फाडले जाई आणि घरात ठेवले जात नसे. याउलट लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेले असे आणि पहिली पत्रिका देवापुढे ठेवली जाई. अक्षर न येणाऱ्यांसाठी गावातील मास्तर किंवा पोस्टमन स्वतःच लेखक आणि वाचक होई, त्यामुळे सासुरवाशिणीला मनातले लिहवून घेणे अवघड जाई. तिची खरी खबर बाजारात भेटलेल्या माहेरच्या बाईच्या कानीच जाई. आठवडी बाजार हे म्हणूनच खरेदीचे ठिकाण होते त्याहून अधिक खबर मिळण्याचे ठिकाण होते.

वर्धा जिल्ह्याच्या बाबतीत टपालाचा विचार सेवाग्रामपाशी थांबल्याशिवाय पूर्ण होत नाही. महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यात आले आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगाव या खेड्यात राहू लागले. रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात त्याच नावाचे मोठे गाव असल्यामुळे त्यांचे टपाल भलतीकडे जाऊ लागले, आणि १९४० मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. एका गावाचे नाव पत्रांच्या चुकामुकीतून बदलावे, यावरून तेथे येणाऱ्या पत्रव्यवहाराचा भार कळतो. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीच्या काळात वर्ध्याच्या मगनवाडीतून शेगावला पायी जात आणि पायीच परत येत. वर्ध्याच्या कडक उन्हातही ही फेरी चुकत नसे आणि टपालाची पिशवी त्यांच्यासोबत असे. त्या पत्रांत देशाचे राजकारण होते तसेच आश्रमाच्या मोठ्या कुटुंबाची हालहवालही होती : कोणाला ताप आहे, कोणाचे पोट बिघडले, कोणाला झोप लागत नाही, कोणी काय खावे. जमनालाल बजाज यांना गांधीजी आपला पाचवा मुलगा मानीत, आणि या दोन कुटुंबांतील पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास लिहिणारे या पत्रांतील राजकीय ओळी वेचून घेतात आणि घरगुती ओळी सोडून देतात. हा निवाडा बदलायला हवा, कारण माणसांना वर्षानुवर्षे एका कामात बांधून ठेवणारा धागा त्या सोडलेल्या ओळींतच आहे.

खबर आणि कर्तव्य यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते मृत्यूच्या प्रसंगी. ज्या घरी मयत झाली त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे भाकर, पिठले, भात असे साधे जेवण घेऊन जातात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. याला कडू घास म्हणतात. त्यात गोडधोड नसते, ताटांचा थाट नसतो, आणि वाढणाऱ्या बाईने फारसे बोलायचेही नसते. पुढे तेराव्या दिवशी तेरवी होते, आणि दूरच्या ज्या नातलगांना मातीला पोहोचता आले नाही त्यांनी निदान तेरवीला यावेच, अशी अपेक्षा असते. नापिकी आणि कर्ज यांच्या काळात या जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांनी घरचा कर्ता माणूस अकाली गमावला आहे. अशा घरी सांत्वनाला जाणाऱ्यांपैकी पुढच्या पेरणीच्या वेळी पुन्हा जाणारे किती, यावरून नात्यांची खरी पारख त्या घरातील बाईला होते.

लग्नाच्या बाबतीत खबर टप्प्याटप्प्याने उलगडते. मुलगी पाहणे, मग साक्षगंध, म्हणजे इतरत्र ज्याला साखरपुडा म्हणतात तो विधी, मग पत्रिका, आणि त्यानंतर तोंडी बोलावणे. पत्रिका मिळाली तरी घरी येऊन कोणी तोंडाने सांगितले नाही, तर ते बोलावणे अपुरे समजले जाते. बोलावण्यातही प्रकार आहेत. घरातील एकाने यायचे की सर्वांनी, हे सांगणाऱ्याच्या शब्दांवरून ठरते, आणि सर्वांत मानाचे ते चूलबंद आवतण, ज्यात त्या दिवशी निमंत्रितांच्या घरी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सर्वांनी लग्नघरी जेवायचे, असा अर्थ असतो. मांडवात एका बाजूला जाणता माणूस वही घेऊन बसतो आणि कोणी किती रुपये, कोणते लुगडे, कोणता दुपट्टा-टोपी, कोणते भांडे दिले ते गावाच्या नावासह लिहीत जातो. ही आहेराची वही लग्नानंतर कपाटात जपून ठेवतात. समोरच्या घरी कार्य निघाले की ती उघडून पाहतात आणि त्याला साजेसा, शक्यतो थोडा वाढीव आहेर करतात. वरवर पाहता हा देण्याघेण्याचा हिशेब आहे, परंतु एखाद्या कुटुंबाची सोयरीक कोणत्या गावांपर्यंत पसरली होती, कोणत्या जातींशी त्याचे जाणेयेणे होते, कोणते नाते कोणत्या साली तुटले आणि कोणते नव्याने जुळले, हे इतक्या विश्वासार्हपणे सांगणारा दुसरा कागद खेड्यातील घरात नसतो.

आता ज्या प्रसंगांत खबरेपेक्षा हौस पुढे असते, त्यांकडे वळता येईल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायला सांगतात; त्या गाण्यांचे विषय सासर, माहेर, दागिना, रुसवा, भावाचे येणे असे असल्यामुळे दहा वर्षांच्या मुलीला पुढील आयुष्यातील नात्यांची ओळख खेळता खेळता होते. मुलांसाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो : लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खुशीने दिलेले पैसे, गोळा करतात. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध असून तो पाहण्यास बाहेरगावी राहणारी कुटुंबे आवर्जून परततात. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. एका व्यापाऱ्याचा माल दगड झाल्याची आख्यायिका सांगणारे गोल खडे तेथे सापडतात, आणि हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांची कुटुंबे नवस फेडण्यासाठी तेथे जातात. सेलूजवळील घोराडचे केजाजी महाराजांचे देवस्थान आणि केळझरचा सिद्धिविनायक यांचाही येथे उल्लेख करायला हवा. मंदिराच्या आवारात किंवा वावरातल्या आंब्याखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण करायचे, आणि तीन-चार घरांनी मिळून दिवस तेथेच घालवायचा, ही या भागाची खास सहल आहे. यात पुरुष चुलीजवळ बसतात आणि बायकांना जेवण आयते मिळते, असे वर्षातील थोडेच प्रसंग असतात.

दसऱ्याच्या सुमारास आपट्याची पाने घेऊन घरोघर जाण्याची रीत सर्वत्र आहे, परंतु वर्धा जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांसाठी त्या दिवसांचा अर्थ निराळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी जिल्ह्यातील गावागावांतून आजी, सुना, नातवंडे शिदोरी बांधून रेल्वेने आणि मिळेल त्या वाहनाने दीक्षाभूमीवर जातात. तेथे वंदना होते, पुस्तके विकत घेतली जातात, आणि वर्षभर न भेटलेले आप्त त्या गर्दीत भेटून सोयरिकीच्या गोष्टीही काढतात. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्यांचा सांगावा वाहावा लागे, त्यांनी स्वतःच्या इच्छेने निर्माण केलेली ही वार्षिक भेट आहे, आणि या जिल्ह्यातील कौटुंबिक सहलींमध्ये तिचे स्थान पहिले मानणे योग्य ठरेल. पवनार येथे धाम नदीच्या काठी १२ फेब्रुवारीला भरणारा सर्वोदय मेळा आणि नोव्हेंबरमध्ये विनोबांच्या आश्रमात होणारे मित्रमीलन याही अशाच, रक्ताच्या नात्याबाहेरील कुटुंबाच्या भेटी आहेत.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिकलेली मुले पुणे, मुंबई, बंगळूर आणि परदेशी गेली. भारतातील तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तोपर्यंत घरोघरी मोबाईल आलेला होता. आज बाळ जन्मले की काही मिनिटांत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र येते आणि निधनाची वार्ता अंत्ययात्रेच्या वेळेसह फिरते. यातील लाभ मोठा आहे. सासरी असलेली मुलगी आता आईशी रोज, कोणाच्या मध्यस्थीशिवाय बोलते, आणि पूर्वीच्या व्यवस्थेने तिच्यावर लादलेले मौन संपले आहे. हानीही खरी आहे. खबर सर्वांना एकाच वेळी कळल्यामुळे ती विशेष कोणालाच सांगितली गेली नाही असे होते, दोन हात जोडलेले चिन्ह पाठवले की कर्तव्य झाले असे वाटू लागते, आणि कडू घास नेणारे हात कमी होतात. तरीही उन्हाळ्यात सेवाग्राम एक्सप्रेसने वर्ध्याला उतरणारी लेकुरवाळी माहेरवाशीण, तिच्यासाठी आईने करून ठेवलेले सरगुंडे आणि कुरडया, आणि परतताना बरोबर दिलेला गोरस भांडारचा गोरसपाक हे सारे टिकून आहे, यावरून भेटीची गरज यंत्राने भागलेली नाही असे म्हणता येते.

या विषयाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. जुने घर पाडून नवे बांधताना पत्रांच्या पिशव्या, लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या रद्दीत जातात, आणि कोणत्या गावाहून कोण कोणासाठी मुऱ्हाळी गेला, म्हणजे लेकीला माहेरी आणायला कोण गेला, हे सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया एकामागून एक निघून जात आहेत. वर्धा जिल्ह्यातील वाचकांना विनंती आहे की त्यांनी आपल्या घरातील अशी वही, असे कार्ड बाहेर काढावे, त्यावरील माणसांची नावे आणि गावे घरातील सर्वांत वयस्क बाईला विचारून शेजारी लिहून ठेवावीत, आणि कुटुंबाला योग्य वाटल्यास त्यांची प्रत गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी अथवा इतिहास विभागात द्यावी. हे काम या दिवाळीत, सगळे घरी असताना, सुरू करता येईल.